हिरव्या शेंगेचं सोयाबीन आपल्या रानात बसवताना: माझा अनुभव

आधी सांगतो, मी काही शास्त्रज्ञ नाही, सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी तीन एकर काळं रान आहे, ऊस आणि सोयाबीन, बास. २०१७ ला एका मित्राने मूठभर तैवानी बियाणं आणून दिलं, म्हणाला हे भाजीचं सोयाबीन, शेंगा हिरव्या असतानाच तोडायच्या, मीठ घालून उकडायच्या आणि भुईमुगासारख्या सोलून खायच्या. जपानी लोक याला एदामामे म्हणतात. दाणा बघून मी गारच. आपल्या नेहमीच्या सोयाबीनच्या जातीचे, म्हणजे जेएस ३३५ चे शंभर दाणे बारा-तेरा ग्रॅम भरतात, याचे बत्तीस भरले.

जूनमध्ये टोकलं. शंभरातल्या एकतीस बिया उगवल्या. आणि उगवलेल्या झाडांना अठ्ठावीस दिवसांत फुलं, उंची गुडघ्याच्याही खाली, झाडाला आठ-दहा शेंगा. मला वाटलं खत कमी पडलं. नंतर कळलं की सोयाबीनला दिवस किती मोठा आहे यावरून फुलायचं कळतं, रात्र मोठी झाली की ते फुलतं, आणि वरच्या अक्षांशावरची जात आपल्याकडं आणली की तिला जूनमध्येच वाटतं की आता हंगाम संपत आला. तैवान त्यातल्या त्यात बरं, जपानच्या उत्तरेकडची जात असती तर वीतभरच राहिली असती. पण शेंगा उकडल्या आणि आईने पहिली तोंडात टाकली, म्हणाली, "आरं हे तर ओल्या पावट्यापेक्षा गोड हाय." तिथंच मी फसलो.

म्हणजे काय, ही चव आणि आपल्या सोयाबीनची ताकद एकत्र करायची असं ठरवलं. वाटलं दोन-तीन वर्षांचं काम.

संकर करणं ऐकायला सोपं आहे. सोयाबीनचं फूल मुगाच्या दाण्यापेक्षा जरा मोठं आणि ते उघडायच्या आधीच स्वतःचं स्वतः फळून बसतं, त्यामुळे उद्या उमलणारी कळी आजच पकडायची, चिमट्याने हिरव्या पाकळ्या काढायच्या, मग रंगीत पाकळ्या, आतले दहा परागकोश उडवायचे आणि मधल्या टोकाला दुसऱ्या जातीच्या ताज्या फुलातले पराग लावायचे. सकाळी आठ ते दहा, पावसाची भुरभुर, चिखलात बूड टेकून. २०१८ ला मी १४० फुलं केली, प्रत्येकाला लाल दोरा. ९ शेंगा धरल्या, १७ बिया मिळाल्या. शेजारचे तात्या बांधावरून रोज विचारायचे, "काय रं, फुलं ववाळतोयस का?"

एक गोष्ट मात्र नशिबानं बरोबर झाली. तैवानी झाड पांढऱ्या फुलाचं होतं आणि ते मी आई ठेवलं, बाप जेएस ३३५, जांभळ्या फुलाचं. जांभळा रंग वरचढ असतो, त्यामुळे रोप उगवून वर आलं की जमिनीलगतच्या देठावरच कळतं, जांभळं असलं तर खरा संकर, हिरवं असलं तर माझा चिमटा चुकला आणि ते स्वतःवरच फळलं. जानेवारी २०१९ ला उन्हाळी लावलं, १४ उगवल्या, ११ जांभळ्या. घरात मी एकटाच नाचलो.

मग त्यांच्या पोटची पिढी जूनमध्ये लावली आणि ऑगस्टमध्ये महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलेलं, आमच्या रानाचं काय विचारता, दहा-बारा दिवसांनी बघितलं तर फक्त कुजका वास. थोडं बियाणं मी विट्याच्या बहिणीला दिलं होतं, तिचं रान माळावरचं, तिथली १६० झाडं तेवढी वाचली. तेव्हापासून बियाणं एका ठिकाणी कधीच ठेवत नाही.

त्या १६० मध्ये मी टपोरा दाणा शोधत बसलो. सगळ्यात मोठा १९ ग्रॅम. बाकी बारा, चौदा, पंधरा. इथं माझा सगळा हिशोब चुकलेला. मला वाटायचं फुलाच्या रंगासारखं असेल, चारातलं एक तरी झाड आईवर जाईल. पण दाण्याचा आकार एका गुणसूत्राच्या तुकड्यावर नसतो, बऱ्याच जनुकांचा मिळून असतो, लहान आणि मोठ्याचा संकर केला की सरासरी मधोमध पण नाही, लहानाकडंच झुकते, आणि तेवढ्या झाडांत ३० ग्रॅमवालं सापडणं म्हणजे लॉटरी. कृषी विद्यापीठातल्या एका ओळखीच्या साहेबांना फोन केला, ते हसले आणि म्हणाले, "पुन्हा मोठ्या दाण्याकडं घेऊन जा ना, आईला परत एकदा जोडा."

दुसरा फटका तांबेऱ्याचा, म्हणजे पानांवर येणाऱ्या बुरशीच्या रोगाचा. आमच्या नदीकाठाला सप्टेंबरमध्ये तांबेरा येतोच, आणि जेएस ३३५ त्याला अजिबात टिकत नाही. २०२० ला माझी निवडलेली झाडं आठ दिवसांत पानं झाडून मोकळी. आता गंमत बघा, खायच्या शेंगेला तांबेऱ्याचं फार भय नाही, ती पंच्याहत्तर-ऐंशी दिवसांत तोडून घरी येते. पण बियाण्यासाठी तेच झाड अजून महिनाभर पानासकट उभं राहायला लागतं. मला चवीचं सोयाबीन पाहिजे होतं आणि अडत होतं सगळं बियाण्यापाशी. हे ध्यानात यायला मला तीन वर्षं लागली.

म्हणून बाप बदलला. आमच्या जवळच कसबे डिग्रजचं संशोधन केंद्र आहे, तिथलं फुले संगम, म्हणजे केडीएस ७२६, तांबेऱ्याला चांगलं तग धरतं आणि दाणाही जेएसपेक्षा टपोरा. तैवानी आई, संगम बाप, आणि त्यांच्या पहिल्या पिढीला २०२१ च्या खरिपात परत तैवानी जोडलं. यावेळी वरच्या पट्टीत लावलं, जुलैमध्ये पुन्हा पूर आला पण तिथपर्यंत पोचला नाही.

२०२२ ला चारशे झाडं. इथं खरा खेळ. झाड चाखायचं तर शेंगा तोडायला लागतात आणि तोडल्या तर बियाणं कुठून? मग नियम केला, शेंग टचटचीत भरली पण हिरवीगार आहे अशा चार-पाच दिवसांत प्रत्येक झाडाच्या फक्त पाच शेंगा काढायच्या, बाकी वाळू द्यायच्या. सकाळी लवकरच तोडायच्या, कारण तोडल्यापासून गोडी उतरायला लागते, दुपारी तोडून संध्याकाळी चाखली तर चांगलं झाडही नापास होतं. पाच शेंगांची पुरचुंडी, त्यावर नंबर, पाच मिनिटं मिठाच्या पाण्यात, आणि परीक्षक आई, मी, आमची ही आणि पोरं. तिसऱ्या दिवशी पोरांनी हात वर केले. एका दाण्याच्या शेंगा बाद, तपकिरी लवेच्या पण बाद, कारण उकडल्यावर मळकट दिसतात. बाजारात अशी मागणी असते की अर्ध्या किलोत पावणेदोनशेच्या वर शेंगा भरू नयेत, म्हणजे शेंग तेवढी मोठी पाहिजे. ते मोजून मोजून चारशेची तेवीस झाली.

त्यात १२ नंबरला असा वास होता की आई म्हणाली, "आंबेमोहोर शिजतोय जणू." वाचल्यावर कळलं की ते उगाच नाही, जपानमधल्या काही वासाच्या जातींत तोच घटक असतो जो बासमतीत आणि आपल्या आंबेमोहोरात असतो. तैवानी आईला तर असा वास कधी आला नव्हता, मग हा आला कुठून, देव जाणे. मी हवेतच.

आणि मग गोणपाट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळायचे, सावलीत ठेवायचे आणि आठवडाभराने मोड मोजायचे. सत्तर आले तर बियाणं चालतं. १२ नंबरचे अडतीस आले. मोठा दाणा म्हणजे पातळ सालीचा, मळताना जरा जोर लागला की आतनं तडकतो, आणि तडकला नाही तरी काळ्या रानात पेरल्यावर पाऊस पडला की इतकं पाणी पितो की फुटतो, वरून माती धरली तर मान मोडतो. मी मळणी यंत्र बंद केलं, शेंगा हाताने सोलायला लागलो, गादीवाफ्यावर टोकायला लागलो, जेमतेम दीड इंच खोल. तरी ४५. एवढी चव आणि उगवायलाच तयार नाही. १२ मी वहीत लाल पेनने खोडला, जेवण गेलं नाही त्या रात्री.

मग पुढची तीन वर्षं मी उलटं केलं, आधी गोणपाट, मग पातेलं. खरिपातून एक आणि उन्हाळ्यातून एक अशा वर्षाला दोन पिढ्या काढल्या. उन्हाळी पिकाचं बियाणं ताजं असतं, जूनला उगवण छान मिळते, पण उन्हाने दाणा बारीक पडतो, त्यामुळे आकाराची निवड मी खरिपातच करतो.

आता हातात ४१ नंबर आहे. शंभर दाणे २६ ग्रॅम, उगवण ७४, तांबेरा येतो पण पानं शेवटपर्यंत धरून राहतात. चव आईच्या मते तैवानीला दहा तर याला आठ. तीन जणांना शेर-शेर दिलं होतं, मुरमाड रानातल्याने खूश होऊन परत मागितलं, काळ्या रानात बरं आलं, उसाच्या सरीतल्याचं सावलीत लोळलं, तिथं हे चालत नाही. नाव नोंदवायचं का असं सगळे विचारतात. शेतकऱ्याला २००१ च्या कायद्याने आपली जात नोंदवता येते, पण झाडं सगळी एकसारखी दिसायला पाहिजेत, आणि माझ्यात अजून पाचपन्नासात एखादं उंच टोणगं निघतंच.

गेल्या महिन्यात माळ्यावरचा डबा काढला तर त्यात १२ च्या मूठभर बिया निघाल्या, चिंधीत बांधून. आईला विचारलं तर म्हणाली, तू खोडलास, मी न्हाय खोडला. वीस भिजवल्या, सात आल्या. त्या सातांना ४१ च्या शेजारी लावलंय, कळ्या आल्यात, उद्या सकाळी आठला चिमटा घेऊन बसतोय. चष्मा मात्र नवीन करायला लागला.