बाण जरा उजवीकडे

दुपारच्या जेवणानंतर, वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या बैठकीच्या खोलीत, आमच्या मॅनेजरने पडद्यावरच्या एका निळ्या बाणाकडे बराच वेळ पाहिले आणि सांगितले, "हा जरा उजवीकडे घे." मी घेतला. मग तो पुन्हा किंचित डावीकडे आणावा लागला, कारण शेजारच्या चौकोनाला आता दाटी होऊ लागली होती. हा बाण 'सद्यःस्थिती' नावाच्या चौकोनातून निघून 'अपेक्षित स्थिती' नावाच्या चौकोनात शिरत होता, आणि या दोहोंच्या मध्ये नेमके काय घडायचे, याविषयी त्या खोलीत कोणालाही कुतूहल नव्हते. पॉवरपॉइंट 1987 साली बाजारात आले तेव्हा त्यातून प्रोजेक्टरवर ठेवायच्या काळ्यापांढऱ्या पारदर्शिका छापून निघत. म्हणजे निदान बाणाचा निळा किती गडद असावा, यावर तेव्हाच्या नवशिक्यांची दुपार जात नसावी.

कंपन्यांना सल्ला देणाऱ्या फर्ममधली ही नोकरी मिळवण्यासाठी आम्ही नांदेडच्या वसतिगृहाच्या गच्चीवर जी तयारी केली, ती आठवली की मला आमचे कौतुकच वाटते. मुंबईत दिवसाला किती वडापाव खपतात, असा प्रश्न एकीने विचारायचा आणि दुसरीने लोकसंख्येपासून सुरुवात करून वयोगट पाडायचे, लोकलने जाणारे वेगळे काढायचे, उपवासवाले वजा करायचे आणि शेवटी एक भरघोस आकडा आत्मविश्वासाने सांगायचा. तो आकडा बरोबर की चूक, हे विचारायचे नाही, असा नियम होता. मुलाखत घेणारे उत्तर पाहत नाहीत, मांडणी पाहतात, असे वरच्या वर्गातल्या मुली सांगत, आणि आम्हाला त्यात मोठी बौद्धिक गंमत वाटे. पुढे काय वाढून ठेवले आहे, याची इतकी प्रामाणिक पूर्वसूचना दुसऱ्या कोणत्या धंद्यात मिळत असेल, असे वाटत नाही.

या नोकरीतला कंटाळा रिकामपणाचा नाही. रात्री उशिरापर्यंत हॉटेलच्या खोलीत लॅपटॉप उघडा असतो. शुक्रवारी संध्याकाळी टाइमशीटमध्ये आठवड्याचा प्रत्येक अर्धा तास कोणत्या तरी प्रकल्पाच्या कोडवर लिहावा लागतो, आणि ज्या तासांना कोड मिळत नाही ते तास आपण जगलोच नाही, असे समजायचे असते. कंटाळा येतो तो आपल्या असण्यानसण्याने काही अडत नाही म्हणून. कारखान्याच्या वरिष्ठांना अहवालात काय यावे, हे आम्ही येण्यापूर्वीच ठाऊक होते. त्यांना ते फक्त बाहेरच्या माणसांच्या तोंडून, इंग्रजीत आणि रंगीत हवे होते.

घरी हे कोणाला सांगायची सोय नाही. मी एकदा फोनवर आईजवळ विषय काढून पाहिला. ती म्हणाली, "एसीत बसून कंटाळा यायलाय का गं तुला?" यावर बोलण्यासारखे काही उरत नाही. ज्या लातूरला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यातल्या माणसाला पगारी कंटाळ्याचे दुःख समजावून सांगायला मांडणी कितीही चांगली असली तरी ती पुरत नाही.

प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला एक चौकट शिकवली गेली. बोस्टनच्या ब्रूस हेंडरसन या सल्लागारांनी ती 1970 मध्ये प्रसिद्ध केली आणि अजूनही ती प्रत्येक नवशिक्याच्या गळ्यात बांधली जाते. कंपनीचे जे काही धंदे असतील ते चार खणांत घालायचे: तारा, प्रश्नचिन्ह, कुत्रा आणि गाय. गाय म्हणजे ज्या धंद्याची बाजारपेठ आता फारशी वाढत नाही, पण त्यात आपला वाटा मोठा आहे. तिच्यावर जास्त खर्च करायचा नाही, दूध काढत राहायचे आणि ते पैसे ताऱ्याकडे, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या धंद्याकडे, वळवायचे. समोरचे शहरी सहकारी हे निमूटपणे लिहून घेत होते. मला मात्र गाईला पेंड न घालता दूध काढण्याचा हा सल्ला आमच्या आबांनी ऐकला असता, तर सल्लागाराला गोठ्याच्या बाहेर कसे काढले असते, तेच दिसत होते.

आबा मला लहानपणी हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजाराला घेऊन जात. उदगीर भागात तो बाजार ठाऊक नाही असे घर सापडणार नाही. देवणी जनावरे, लाल कंधारी जनावरे, धुळीचा आणि शेणाचा एकत्र वास, आणि मला मिळणारी भजी. आबांना बैल आवडला तरी ते मालकाशी थेट बोलत नसत. मध्ये दलाल लागे. हा दलाल बैलाचा जबडा उघडून दात दाखवी, चारदाती आहे की सहादाती ते सांगे, खांद्यावरून हात फिरवी, त्याला चार पावले चालवून खूर कसे पडतात ते पाहायला लावी. मग तो आबांचा हात टॉवेलाखाली घेई आणि बोटे धरून भाव सांगे. वर दोघांचे चेहरे पावसापाण्याविषयी बोलत असल्यासारखे, आणि खाली टॉवेल हलतोय. तोच टॉवेल घेऊन तो मालकाकडे जाई, पुन्हा आबांकडे येई, आणि शेवटी विसार दिला की आपली दलाली खिशात घाली. आज माझ्या लक्षात येते, की हा माणूस अगदी आमच्याच धंद्यातला होता. त्याचा स्वतःचा बैल नव्हता, त्याला नांगर धरायचा नव्हता, तो फक्त दुसऱ्याच्या निर्णयावर जगत होता. फरक एवढाच, की बैल औताला जुंपल्यावर खाली बसू लागला, तर पुढच्या बाजारी आबा त्याच दलालासमोर उभे राहत आणि त्याला त्याच गर्दीत तोंड लपवायला जागा नसे. आबांनी एकदा एकाला चारचौघांत असे काही सुनावले होते, की मी हातातली भजी तशीच धरून उभी राहिले होते. आमचा अहवाल खाली बसला तर आम्हाला कोणत्या बाजारात गाठायचे?

वाळूजच्या त्या कारखान्यात मला एकच काम खरोखर आवडले. स्टॉपवॉच घेऊन जुळणीच्या ओळीवर उभे राहायचे आणि प्रत्येक जागेवर किती सेकंद लागतात ते टिपायचे. या कामाची परंपरा थोर आहे. 1893 पासून सल्लागार अभियंता म्हणून धंदा करणाऱ्या फ्रेडरिक टेलरने पुढे बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात असे ठरवले, की कच्च्या लोखंडाच्या लगडी वाहणाऱ्या मजुराने दिवसाला 12.5 टनांऐवजी 47.5 टन वाहावेत. मजुरांना त्याबद्दल काय वाटले, ते त्याच्या तक्त्यात नाही. माझ्यासमोरच्या जागेवर रांजणगावात खोली करून राहणारे एक काका होते. नट हातात घ्यायचा, अंगठ्याने अर्धा फेरा द्यायचा आणि वर टांगलेले यंत्र खाली ओढून तो आवळायचा, हे ते माझ्याकडे बघत करू शकत. दोन दिवस मी त्यांना टिपत होते. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मॅडम, आज मी जरा हळूच करायलोय. आत्ता जास्त येळ दिसला तर नंतर तुमची बचत जास्त दिसंल." प्रशिक्षणात आम्हाला जे एका आठवड्यात शिकवले होते ते या गृहस्थांना यंत्र ओढता ओढता कळले होते, आणि ते त्यांनी मला फुकट दिले. दलालीसुद्धा घेतली नाही.

मी त्यांचे खरे सेकंद लिहिले. ते अर्थातच कमी होते, आणि म्हणूनच अहवालात त्यांची जागा शेजारच्या जागेत विलीन करता येण्यासारखी ठरली. त्या स्लाइडवर त्यांचे नाव नव्हते, स्थानक क्रमांक होता. वरिष्ठांनी मान डोलावली, कोणीतरी चहा मागवला आणि आम्ही पुढच्या स्लाइडवर गेलो.

त्या जागेचे पुढे काय झाले, ते मला माहीत नाही. अहवाल दिल्यावर आमची टीम त्याच आठवड्यात हॉटेल सोडून निघाली आणि प्रकल्पाचा कोड बंद झाला. बंद झालेल्या कोडवर अर्धा तासही लिहिता येत नाही, त्यामुळे चौकशीचा एक फोन करायचा म्हटला तरी तो कोणत्या तासात बसवायचा, हा प्रश्न येतो. पगार वेळेवर झाला, शैक्षणिक कर्जाचा हप्ताही वेळेवर गेला.