बॅकअपला मंजुरी मिळवताना

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत आमची कंपनी आहे. रिफायनऱ्या आणि केमिकल प्लांटसाठी हीट एक्स्चेंजर आणि प्रेशर व्हेसल बनवते. ऑफिसचं आयटी माझ्याकडे. बॅकअपवर पैसे खर्च करायला साहेब लोकांना राजी करणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात चिवट काम ठरलं. अशाच मध्यम आकाराच्या कंपनीत कुणी याच कामाला लागलं असेल तर उपयोग होईल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी काय होतं ते सांगते. ड्रॉइंग, क्वालिटीचे कागद, ऑर्डरींच्या फायली हे सगळं तळमजल्यावरच्या एका नॅस बॉक्सवर, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांनी वापरायच्या साठवणीच्या पेटीवर. आत दोन डिस्क, एकीवर जे लिहिलं जाईल तेच त्याच क्षणी दुसरीवर. टॅली अकाउंट्सच्या एका कॉम्प्युटरवर. अकाउंट्सचे काका दर शनिवारी त्याची कॉपी पेनड्राइव्हवर घेत, तो शर्टाच्या खिशात टाकत आणि दांडिया बाजारातल्या आपल्या घरी नेऊन कपाटात ठेवत. काकांनी हे वर्षानुवर्षं निष्ठेनं केलं. त्यांच्या त्या सवयीबद्दल मला आजही आदर आहे, कारण पूर्ण कंपनीत बाहेर ठेवलेली तेवढी एकच प्रत होती. पण त्या पेनड्राइव्हवरून टॅली परत उघडून कुणी कधी पाहिलं नव्हतं.

विषय काढला की धाकट्या साहेबांचं उत्तर ठरलेलं असायचं. "ताई, आत दोन डिस्क आहेत ना? एक गेली तर दुसरी आहेच." ते स्वतः इंजिनियर, आणि डिस्क बिघडण्यापुरतं त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. त्यामुळेच घोडं अडत होतं. मी क्षमता, लायसन्स, वॉरंटी असं सगळं लिहून कोटेशनसह प्रस्ताव दिला, तो खरेदी विभागात जाऊन पडला. खरेदीचे भाई जिन्यात भेटले की हसून म्हणत, "पछी जोईशुं, बेन." म्हणजे, नंतर बघू.

शेवटी एकदा दुपारच्या चहाच्या वेळी धाकट्या साहेबांना माझ्या टेबलाशी बसवलं. एका जुन्या, बंद झालेल्या ऑर्डरच्या ड्रॉइंगची कॉपी करून नॅसवर 'चाचणी' नावाचं फोल्डर आधीच तयार ठेवलं होतं. म्हटलं, "साहेब, हे तुमच्या हातानं डिलीट करा." त्यांनी केलं. "आता रिसायकल बिनमध्ये शोधा." तिथे काही नव्हतं. नेटवर्कवरच्या शेअरमधलं पुसलेलं आपल्या कॉम्प्युटरच्या बिनमध्ये येतच नाही, आणि आमच्या नॅसवर तशी वेगळी सोय चालू नव्हती. "ठीक आहे, दुसऱ्या डिस्कवरून काढू," ते म्हणाले आणि तिथेच थांबले. थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग स्वतःच म्हणाले, "म्हणजे चूकसुद्धा दोन्हीकडे एकदमच लिहिली जाते."

मी इतके दिवस जे समजावत होते ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. दोन डिस्कची ती रचना यंत्र बंद पडू नये म्हणून असते. चुकून पुसलेलं, कुणी मुद्दाम पुसलेलं, खंडणीच्या व्हायरसनं कुलूपबंद केलेलं, हे सगळं ती इमानेइतबारे दोन्हीकडे पोचवते. तुमच्या ऑफिसात हा वाद चालू असेल तर फोल्डर खोटं ठेवा, पण डिलीट साहेबांच्याच हातून करवून घ्या.

तरीही पैसे सुटले नाहीत. पटणं वेगळं आणि चेकवर सही होणं वेगळं. म्हणून मी विभागवार हिंडले आणि प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारले. कॉम्प्युटर आत्ता गेला तर किती जुन्या कामावरून परत सुरुवात केलेली चालेल? आणि किती वेळ हात बांधून बसता येईल? उत्तरं मी त्यांच्याच शब्दांत लिहून घेतली. डिझाइनवाल्यांनी सांगितलं, एका दिवसाचं काम पुन्हा करू, दोन दिवसांचं झालं तर डिलिव्हरीची तारीख हलेल. अकाउंट्स म्हणालं, महिन्याच्या मध्यात एक दिवस ढकलू, पण जीएसटी रिटर्नच्या आठवड्यात एक तासही नाही.

क्वालिटीच्या प्रमुखांनी मात्र मला यार्डात नेलं. तिथे एक एक्स्चेंजर रंगवून, पॅक होऊन उभा होता. "हा का गेला नाही माहिती आहे? डोझियर बाकी आहे." प्लेटची टेस्ट सर्टिफिकेट, प्रत्येक वेल्डचा नकाशा, तो कुठल्या वेल्डरनं केला आणि त्याची पात्रता काय, रेडिओग्राफीचे रिपोर्ट, हायड्रोटेस्टचा चार्ट, हे सगळं एकत्र बांधून दिलं की मग ग्राहकाचा इन्स्पेक्टर सही करतो. त्याशिवाय गाडी भरता येत नाही आणि शेवटचा हप्ता सुटत नाही. "स्टील परत आणता येतं," ते म्हणाले, "पण एकदा सांधा झाकला गेला की त्याच्या आतल्या तपासणीचा कागद परत कुठून आणायचा?"

माझ्या प्रस्तावाचं पहिलं पान त्या दिवशी बदललं. वर टेराबाइट आणि लायसन्स होतं ते मागे गेलं. पुढे आलं ते असं: सध्या यार्डात आणि शॉपमध्ये कोणत्या ऑर्डरी आहेत, प्रत्येकीचा किती हप्ता डोझियरवर अडून आहे आणि ते डोझियर कुठल्या एका बॉक्समध्ये आहे. आकडे सेल्सकडून घेतले, माझ्या मनाचा एकही घातला नाही. सेल्सच्या मॅनेजरांनी स्वतःहून आणखी एक कागद जोडला. एका मोठ्या ग्राहकानं पाठवलेल्या व्हेंडर तपासणीच्या फॉर्मात सरळ प्रश्न होता: बॅकअपची पद्धत काय, आणि तो परत चालवून पाहिल्याची नोंद आहे का? ती जागा आम्ही कोरी सोडली होती.

काकांनी दुसरी बाजू उचलून धरली. हिशेबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवणाऱ्या कंपन्यांनी त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचा, हा नियम 2014 पासून आहे. पूर्वी त्यात 'ठरावीक काळानं' असं होतं, ऑगस्ट 2022 च्या दुरुस्तीनं ते 'दररोज' झालं. कंपनी कायद्यात पुस्तकं 8 आर्थिक वर्षं जपायची आहेत. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने. काकांनी आमच्या सीएंना विचारून हे खात्रीचं करून घेतलं आणि मीटिंगमध्ये आपला पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. "साहेब, हा आठवड्यातून एकदाच घरी जातो. नियमाला रोज लागतो." मी तेच सांगितलं असतं तर आयटीचं रडगाणं वाटलं असतं. काकांच्या तोंडून आल्यावर कुणी 'पछी' म्हणालं नाही.

बाहेरची उदाहरणं मी मोजकीच दिली. 27 जून 2017 ला नॉटपेट्या व्हायरसनं मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं काम ठप्प केलं, तेव्हा न्हावा शेवाचं तिचं टर्मिनलही अडकलं. आमचा निर्यातीचा माल न्हावा शेव्यालाही जातो, त्यामुळे हे कुणाला परकं वाटलं नाही. पुढे मर्स्कला हजारो सर्व्हर आणि सुमारे 45,000 कॉम्प्युटर नव्यानं उभे करावे लागले, तोटा 25 ते 30 कोटी डॉलरच्या घरात गेला. सगळ्या नेटवर्कची ओळखपाळख सांभाळणारे त्यांचे सर्व्हर एकमेकांच्याच नकला ठेवत होते, म्हणून एकदमच गेले. वाचला तो घानामधला एक, हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून. दुसरं उदाहरण गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचं, जानेवारी 2017 अखेरचं. चुकीच्या सर्व्हरवर डेटा पुसला गेला, आणि ऐन वेळी कळलं की ठरवलेल्या पाच उपायांपैकी एकही भरवशाचा चालत नव्हता. सहा तास आधी घेतलेली एक प्रत हाताशी होती, म्हणून निभावलं.

मोठे साहेब हे सगळं ऐकत होते. त्यांनी विचारलं ते वेगळंच. "अगं, विश्वामित्रीचं पाणी आलं तर?" ऑगस्ट 2024 चा पूर आम्हा सगळ्यांच्या अंगावर ताजा होता. समा, फत्तेगंज, अकोटा, वडसर या भागांत घराघरांत पाणी होतं, आणि साहेबांच्या एका स्नेह्यांचं तळमजल्यावरचं ऑफिस टेबलांसकट बुडालं होतं. आमचा नॅस तळमजल्यावरच. मोठे साहेब सयाजीराव विद्यापीठाचे जुने विद्यार्थी, प्राच्य विद्या मंदिरात त्यांचं जाणं-येणं. ते धाकट्यांना म्हणाले, "वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती इथे आपल्या बडोद्यात झाली, ती कशाच्या जोरावर? देशभर ठिकठिकाणी पोथ्या उरल्या होत्या म्हणून. सगळ्या एकाच मठात असत्या आणि तो जळला असता तर?" तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक जागेबाहेर, हा आमच्या क्षेत्रातला नेहमीचा नियम मी पुढच्या पानावर लिहिला होता. त्यांना तो वाचायची गरज पडली नाही.

मग चर्चा पैशांवर आली, आणि ती चांगली झाली. धाकट्या साहेबांचा प्रश्न रास्त होता: सगळं क्लाउडवरच टाकू, नवा बॉक्स कशाला? मी फळ्यावर हिशेब मांडला. आमचा डेटा साधारण 2 टीबी. 100 एमबीपीएसची लाइन दुसऱ्या कुणीही न वापरता पूर्ण वेगानं चालली, तरी तेवढं खाली उतरवायला 44 तासांहून जास्त लागतात. म्हणजे जवळजवळ दोन दिवस, आणि डिझाइननं दोन दिवस चालणार नाहीत असं लिहून दिलेलं. जवळची प्रत लवकर उठून उभं राहण्यासाठी, लांबची प्रत पूर आणि आगीसाठी. क्लाउडवरची प्रत अशी ठेवायची की ठरलेल्या मुदतीपर्यंत ती अ‍ॅडमिनलासुद्धा पुसता येऊ नये. खंडणीवाले आत शिरले की आधी बॅकअपच शोधतात, आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड त्यांच्या हाती लागलेला असू शकतो.

"पण ग्राहकांची ड्रॉइंग दुसऱ्याच्या सर्व्हरवर?" हाही आक्षेप आला, आणि गोपनीयतेचा करार आमच्या प्रत्येक ऑर्डरला असतो. उत्तर होतं की डेटा इथूनच एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा होऊन जाईल, मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये राहील आणि किल्ली फक्त आपल्याकडे असेल. ती किल्ली हरवली तर मात्र बॅकअप असून नसल्यासारखा, हेही मी तेवढ्याच स्पष्ट सांगितलं. ती आज छापून दोन पाकिटांत आहे. जोडावर लाख लावून मोठ्या साहेबांनी सही केली. एक पाकीट अकाउंट्सच्या तिजोरीत चेकबुकांच्या खाली, दुसरं त्यांच्या बँक लॉकरमध्ये.

मंजुरी टप्प्यांनी मिळाली. आधी पहिल्या मजल्यावर दुसरा नॅस आणि आलटून पालटून लावायच्या दोन बाहेरच्या डिस्क, ज्या कॉपी झाली की काढून ठेवायच्या. क्लाउडचं वर्षाचं पॅकेज तिमाही अहवाल बघून. अट एकच घातली गेली, आणि ती धाकट्या साहेबांनी घातली: दर महिन्याला काहीतरी परत आणून दाखवायचं. खरेदीच्या भाईंनी तीन कोटेशन मागवून दर बऱ्यापैकी खाली आणला, तेही सांगायला हवं.

पहिल्या चाचणीला सगळे जमले होते. ड्रॉइंग नीट उघडली. टॅलीचा एका वर्षाचा डेटा मात्र अर्धवट निघाला. शोधलं तेव्हा कळलं, कुणीतरी टॅली उघडी ठेवून घरी जायचं आणि चालू फायलींची कॉपी तशीच घेतली जायची. आता रात्री ठरलेल्या वेळी टॅली बंद होते, मग कॉपी सुरू होते. त्या दिवशी मला धास्ती होती की साहेब म्हणतील, इतका खर्च करून हेच का? धाकटे साहेब म्हणाले, "बरं झालं आज कळलं," आणि क्लाउडच्या कागदावर त्यांनी तिमाहीची वाट न बघता सही केली.

काका अजून शनिवारची कॉपी घेतात, पण आता ती नव्या डिस्कवर, आणि सोमवारी सकाळी ती उघडून एक व्हाउचर पाहिल्याची सही रजिस्टरमध्ये करतात. व्हेंडरचा तो फॉर्म पूर्ण भरून गेला. साइटवर फिरणाऱ्या इंजिनियरांच्या लॅपटॉपमध्ये जे ड्रॉइंग बदल आठवडाभर पडून राहतात त्यांचा प्रश्न बाकी आहे, त्याचा प्रस्ताव पुढच्या बजेटच्या फाइलमध्ये लावला आहे. त्याच्याही पहिल्या पानावर आधी ऑर्डरींची यादी आहे.