बेला गॉथचे पुढे काय झाले?

‘द सिम्स २’ हा ‘सिम’ नावाच्या पात्रांचे घर-संसार चालवण्याचा संगणकीय खेळ २००४ साली आला, तेव्हा पहिल्या भागातील बेला गॉथ ही गृहिणी बेपत्ता झालेली होती. नवरा मॉर्टिमर आणि कॅसँड्रा व अलेक्झांडर ही मुले घरात होती, मात्र तिचे नेमके काय झाले याचा उलगडा खेळाने केला नाही. माझ्या मते या खेळाची खरी ताकद अशा मोकळ्या सोडलेल्या जागांत आहे. पात्रे सिमलिश ही अर्थहीन भाषा बोलतात, त्यामुळे संवाद आपणच रचायचे असतात.

भूक, झोप, करमणूक यांची पातळी दाखवणाऱ्या पट्ट्या खेळ सांभाळतो. त्यांमागची कारणे आपण पुरवावी लागतात. माझी एक प्रौढ सिम मध्यरात्री उठून भांडी घासते. खेळाच्या लेखी ती केवळ स्वच्छतेची आवड असलेली बाई आहे, पण मी तिला परगावी गेलेला, न कळवता घरी येणारा मुलगा दिला आणि त्या क्षणापासून तिचे जागरण, दाराशी घुटमळणे, एवढेच काय, उरलेले अन्न न टाकणेही सुसंगत वाटू लागले. प्रत्येक पात्राविषयी खेळाला ठाऊक नसलेली एखादी गोष्ट मी वहीत लिहून ठेवते. ‘मदरलोड’ हा फुकट पैसे देणारा चीट कोड टाकून एका फटक्यात ५०,००० सिमोलियन (खेळातले चलन) मिळवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण अडचणच उरली नाही तर कथानक पुढे सरकत नाही. (बंगला बांधण्यापुरतेच खेळणाऱ्यांची गोष्ट वेगळी.)