परदेशी ऑर्डर आली आणि आधी फी मागितली

आमच्या नंदुरबारला हंगामात मिरचीच्या पथाऱ्या लाल होतात आणि त्या बाजूने जाताना ठसका लागतोच. माझे मोठे काका, आप्पा, याच धंद्यातले. ओली मिरची घ्यायची, पथारीवर वाळवायची, देठं खुडून मोठ्या व्यापाऱ्याला द्यायची. आपला माल एकदा तरी परदेशी जावा ही त्यांची फार दिवसांची इच्छा. त्यासाठी त्यांनी आयात-निर्यात कोड काढला होता आणि खरेदीदार-विक्रेत्यांच्या एका वेबसाइटवर आपला ई-मेल टाकून ठेवला होता.

त्याच ई-मेलवर ऑर्डर आली. पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशाच्या मंत्रालयाचं नाव, लेटरहेड, शिक्का, सही, सगळं होतं. दोन कंटेनर सुकी मिरची हवी, निम्मे पैसे आगाऊ देऊ, आप्पांचा भाव जसाच्या तसा मान्य. फक्त पुरवठादार म्हणून आधी नोंदणी करायची आणि तिची फी ४८ हजार रुपये. आप्पांनी ती भरून टाकली. मला कळलं ते दुसरा मेल आल्यावर. करारावर तिकडच्या वकिलाची सही लागेल, त्याचे १ लाख ८५ हजार पाठवा, असं त्यात होतं. कायद्याचं इंग्रजी समजेना म्हणून त्यांनी मला बोलावलं.

मी वाचून दाखवत होतो तेव्हा मोठी आई, म्हणजे आप्पांची बायको, सुपात मिरच्या निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "माल त्यासले पाह्यजे, मंग पैसा आपन काबर देवाना?"

मला विचाराल तर सगळी पारख या एका प्रश्नात आहे. इंग्रजी चुकीचं आहे का, शिक्का खरा वाटतो का, यावर फार विसंबू नये. आता हे लोक बिनचूक पत्रं लिहितात. पैसा कुठून कुठे चाललाय ते बघावं. विकत घेणारा विकणाऱ्याकडे पैसे मागत असेल, बक्षीस देणारा आधी कर मागत असेल, कर्ज देणारा मंजुरीआधी फी मागत असेल, तर तिथेच थांबावं.

पण आप्पांना हे नुसतं सांगून पटणारं नव्हतं. ४८ हजार गेलेला माणूस "ते बुडाले" हे लगेच मान्य करत नाही. अजून थोडे भरले तर आधीचे वाचतील, असं त्याला मनापासून वाटतं, आणि दुसरी मागणी त्याच भरवशावर येते. म्हणून मी वाद घातला नाही. म्हटलं, आप्पा, आपण दोघं मिळून तपासू, खरं निघालं तर मी स्वतः पैसे भरायला येतो.

मेल संगणकावर उघडला. जीमेलमध्ये उजवीकडच्या तीन टिंबांत 'शो ओरिजिनल' असतं, तिथे मेलची सगळी कुळकथा दिसते. नाव मंत्रालयाचं होतं, पण उत्तर जाणार होतं कुणीही फुकट उघडू शकेल अशा पत्त्यावर. पत्रातल्या वेबसाइटची नोंदणी शोधली तर ती नुकतीच झालेली. मग त्या देशातल्या भारतीय दूतावासाला लिहिलं. दूतावासाचा पत्ता मात्र परराष्ट्र मंत्रालयाच्या वेबसाइटवरून घेतला. त्या मेलमध्येही 'खात्रीसाठी' एक फोन नंबर दिलेला होता, आणि तो त्यांच्याच माणसाचा असणार. दूतावासाचं उत्तर दोन ओळींचं होतं: असं टेंडर नाही, पैसे भरू नका.

आप्पांना खरं पटलं ते मात्र मिरचीवरूनच. मी विचारलं, यांनी नमुना मागितला? ओलावा किती, रंग कसा, तिखटपणा किती, काही विचारलं? निर्यातीच्या मिरचीत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष आणि सुदान हा भेसळीचा कृत्रिम रंग आहे का याची तपासणी होते, त्याचा रिपोर्ट मागितला? आप्पा बराच वेळ गप्प बसले. नंदुरबारच्या बाजारात मूठभर मिरची हातात घेऊन मोडून बघितल्याशिवाय कुणी भाव बोलत नाही, आणि हा न बघता दोन कंटेनर घेणार होता.

त्यांना फार लाज वाटत होती. मी त्यांना सांगितलं की ई-मेल नव्हते तेव्हाही, एकोणिसाव्या शतकात, हीच युक्ती टपालाने चालायची. स्पेनच्या तुरुंगात अडकलेल्या श्रीमंत माणसाला सोडवायला थोडे पैसे पाठवा, मोठा वाटा मिळेल, अशी पत्रं यायची आणि चांगले शहाणे लोक पैसे पाठवायचे. घरच्यांनी अशा वेळी रागावू नये ही माझी कळकळीची विनंती आहे. रागावलं की माणूस पुढचं लपवतो आणि तक्रारीला उशीर होतो.

पैसे गेलेले होते एका भारतीय बँकेत, दुसऱ्या राज्यातल्या कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात. परदेशी मंत्रालयाची फी अशा खात्यात का जाईल? आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावला. खाते क्रमांक, तारीख, रक्कम आणि एनईएफटीचा सोळा अक्षरी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर विचारला, तो पासबुकावर नव्हता, बँकेच्या मेसेजमध्ये सापडला. फोननंतर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर सगळे मेल आणि पावती जोडून तक्रार पूर्ण केली. आप्पांच्या शाखेत एका कर्मचाऱ्याने "तुम्ही स्वतःच पाठवलेत, आता काही होणार नाही" असं तोंडावर सांगितलं होतं. हे ऐकून लोक घरी जातात, म्हणून मला त्याचा राग आहे. तक्रार वेळेत गेली तर पुढच्या खात्यात उरलेली रक्कम गोठवता येते. आमच्या बाबतीत बरीचशी काढून घेतली गेली होती, ११ हजार रुपये होल्डवर सापडले. लगेच कळवलं असतं तर जास्त मिळाले असते.

तक्रारीनंतर आप्पांना व्हॉट्सॲपवर फोन आला. मी सायबर विभागातून बोलतोय, तुमची पूर्ण रक्कम परत मिळतेय, प्रक्रियेचे साडेतीन हजार भरा. एकदा फसलेल्यांची नावं या लोकांत फिरतात. आप्पांनी फोन ठेवला आणि नंबर मला दिला, तो मी दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर, संशयास्पद फोन कळवायच्या 'चक्षू' सोयीत कळवला.

होल्डवरच्या रकमेसाठी अर्ज दिलाय. आप्पांनी निर्यात सोडलेली नाही. स्पायसेस बोर्ड या मसाल्यांच्या सरकारी मंडळाच्या नोंदणीचे कागद आम्ही जमवतोय, आणि तिची फी बोर्डाच्याच पोर्टलवर भरायची आहे. पुढच्या वेळी परदेशी खरेदीदार आला की त्याची पत ईसीजीसी या निर्यातीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीकडून विचारून घ्यायची आणि बँकेमार्फत लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे त्याच्या बँकेची पैसे देण्याची हमी, आल्याशिवाय पथारीवरचं एक पोतं हलवायचं नाही, असं घरात ठरलंय. कुठलीही फी भरण्याआधी मेल मोठ्या आईला वाचून दाखवायचा, हेही आप्पांनीच ठरवलं.