शून्य शुक्रजंतूंचा रिपोर्ट

वीर्यतपासणीला पुरुष एकटाच येतो. फार तर बायको बरोबर असते, तीही बहुधा खाली स्कूटरपाशी थांबते. आईबरोबर आलेला पुरुष माझ्या लॅबमध्ये त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. खरं म्हणजे आईच त्याला घेऊन आली होती.

मार्चचा शेवटचा आठवडा होता. इंदूरची रंगपंचमी नुकतीच होऊन गेलेली, राजवाड्यावरच्या गेरमधला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीतला, गुलाल त्याच्या नखांच्या कडांना अजून चिकटून होता. वय तेहतीस-चौतीस, पोलोग्राउंडकडच्या एका कारखान्यात नोकरी. फॉर्म भरताना ‘तपासणीचं कारण’ या रकान्यापाशी तो अडला आणि पेन धरून नुसताच उभा राहिला. बोलली आईच. “नसबंदी झालीय ह्याची. आता आत काही उरलंय का ते बघायचंय. आणि बाई, रिपोर्ट माझ्या हातात द्या.”

रिपोर्ट पेशंटच्याच हातात मिळेल, असं काउंटरवरच्या मुलीने सांगितलं. आई बाकावर जाऊन बसली, पण तिची नजर काही मुलावरून हटली नाही.

नसबंदीनंतरच्या तपासण्या आमच्याकडे येतात, पण फार नाही. मुळात नसबंदी करून घेणारे पुरुषच थोडे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रीनसबंदीवर अवलंबून असलेल्या जोडप्यांचं प्रमाण ३७.९ टक्के निघालं, पुरुष नसबंदीचं ०.३ टक्के. वास्तविक बायकांचं ऑपरेशन पोट उघडून करायचं, पुरुषाचं वरच्यावर. भूल तेवढ्याच जागी द्यायची, टोकदार चिमट्याने कातडीला बारीक छिद्र पाडायचं, दोन्ही बाजूंच्या वीर्यवाहिन्या एकेक करून बाहेर ओढून कापून बांधायच्या. टाकासुद्धा घालावा लागत नाही. ही पद्धत चीनमधल्या डॉ. ली शुनच्यांग यांनी १९७४ मध्ये बसवली. पंधरा-वीस मिनिटांत माणूस टेबलावरून उठतो आणि आपल्या पायांनी घरी जातो. माझ्या मते घोळ होतो तो इथेच. इतक्या सहज झालेल्या ऑपरेशनानंतर ‘आता मोकळे’ असंच कुणालाही वाटतं.

नमुना द्यायला आमच्याकडे एक छोटी खोली आहे, आतून कडी लागणारी. घरून आणायचा असेल तर तासाभराच्या आत, खिशात अंगाच्या उबेला धरून आणायचा आणि निरोधमध्ये आणायचा नाही, हे आम्ही सांगतो. हा इथेच देणार होता. बाहेर आई बसलेली असताना. बराच वेळ लागला. बाहेर आला तेव्हा त्याने डबी माझ्या टेक्निशियनच्या हातात दिली आणि माझ्याकडे न बघता पाणी प्यायला गेला.

वीर्य आधी घट्ट असतं, ते पातळ व्हायला अर्धा तास तरी जाऊ द्यावा लागतो. त्या अर्ध्या तासात आई माझ्या खोलीत आली. दार लोटून घेतलं आणि पिशवीतून सोनोग्राफीचा कागद काढून टेबलावर ठेवला.

“सून बाराव्या आठवड्यात आहे. माझ्या पोराची नस कापलेली. आता तुम्हीच सांगा बाई, हिला दिवस कसे राहिले?”

सुनेला तिने देवासला माहेरी पाठवून दिलं होतं. दोन मुलं इथेच आजीजवळ. दुसऱ्या सिझेरियनच्या वेळी सुनेच्या अंगात रक्त कमी होतं, पुन्हा पोट उघडायला नको म्हणून मुलानेच ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं, आईला न विचारता. ते तिला तेव्हाच झोंबलं होतं. तिच्या लहानपणी, आणीबाणीत, नसबंदीची जीप येतेय कळलं की गावातले पुरुष शेतात पळून जायचे, तिचे वडीलही दोन रात्री उसात काढून आले होते. १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ऐंशी लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यात बहुसंख्य पुरुष. त्या भीतीत वाढलेल्या बाईला आपल्या मुलाने आपण होऊन जाऊन हे करून यावं, याचा अर्थ लागत नव्हता. आणि वर आता हे.

मी तिला एवढंच म्हटलं, “काकू, आधी तपासू द्या.”

थेंब काचपट्टीवर घेतला. मायक्रोस्कोपखाली नेहमीच्या वीर्यात एखाद्या जत्रेइतकी वळवळ दिसते. इथे काही नव्हतं. एक-दोन पांढऱ्या पेशी, थोडा कचरा, बाकी मोकळं रान. असं दिसलं म्हणून लगेच शून्य लिहायचं नसतं. नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा, तळाशी बसलेला गाळ पुन्हा काचेवर घ्यायचा आणि चाळीसच्या लेन्सखाली पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायची. बघितली. एकही शुक्रजंतू नाही, जिवंत नाही की मेलेला नाही. ऑपरेशन उत्तम झालं होतं.

रिपोर्ट टाइप होऊन सहीला आला आणि मी पेन उचलून थांबले. एरवी हा रिपोर्ट म्हणजे अभिनंदनाचा. बाहेरच्या बाकावर मात्र हाच कागद पुरावा ठरणार होता. मुलात काही नाही असं डॉक्टरने लिहून दिलंय, मग सुनेच्या पोटातलं कुणाचं? त्या मुलीने देवासहून काहीही सांगितलं असतं तरी सही-शिक्क्यापुढे ते टिकलं नसतं.

मुलाला एकट्याला आत बोलावलं. ऑपरेशनचं कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून त्याने जपून आणलं होतं. तारीख २८ नोव्हेंबर. दर वर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर सरकारचा पुरुष नसबंदी पंधरवडा असतो, त्यातच झालेलं. सोनोग्राफीच्या कागदावर शेवटच्या पाळीची तारीख होती २८ डिसेंबर. म्हणजे गर्भ राहिला तो साधारण ११ जानेवारीच्या आसपास. मी कोऱ्या कागदावर तिन्ही तारखा एकाखाली एक लिहिल्या आणि त्याच्यापुढे सरकवल्या.

“ऑपरेशननंतर जानेवारीत काय वापरत होता?”

“काही नाही, मॅडम. टाके नव्हते, दुखणंही आठ दिवसांत थांबलं. झालंच ना मग.”

“तीन महिने निरोध वापरा, मग तपासणी करा, असं कुणी सांगितलं नाही?”

त्याने कार्ड उलटं करून बघितलं. मागे बारीक अक्षरात छापलेलं होतं. तोंडाने कुणी सांगितलं होतं की नाही, ते त्याला आठवत नव्हतं. मला विचाराल तर त्या दिवशी रांगेतल्या कुणालाच कुणी सांगितलं नसेल. छापलं म्हणजे सांगितलं, असा हिशोब आपल्याकडे फार ठिकाणी चालतो.

त्याची परवानगी घेऊनच आईला आत बोलावलं. तिला वीर्यवाहिनी, शुक्राशय वगैरे सांगण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, “काकू, नर्मदेचं पाणी जातं तेव्हा काय होतं? टाकीवर कॉक बंद केला तरी आपल्या पाईपात उरलेलं पाणी नळाला थोडा वेळ येतंच ना? नस कापली ती अंडकोशाजवळ. तिथून पुढच्या नळीत आधीचे शुक्रजंतू भरलेले असतात. ते संपायला पंधरा-वीस वेळा संबंध यायला हवा, साधारण तीन महिने धरायचे. हिला दिवस राहिले ते दीड महिन्यातच. आजचा रिपोर्ट आजच्या पाईपाचा आहे, जानेवारीतल्या नाही.”

आई कागदावरच्या तारखांकडे बघत राहिली. मग बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. मोजून झाल्यावर पुन्हा मोजलं.

“म्हणजे ते ह्याचंच आहे, असं लिहून द्याल?”

तसं मला लिहिता येत नव्हतं आणि मी ते तिला स्पष्ट सांगितलं. माझ्या तपासणीवरून बाप कोण ते कळत नाही. एवढंच कळतं की नवऱ्यापासून दिवस राहण्यात अशक्य असं काहीच नव्हतं, उलट ज्या दिवसांत सांभाळायचं ते यांनी सांभाळलं नव्हतं. संशयाला बुडच नव्हतं. मुलगा हळूच म्हणाला, “डीएनए वगैरे करायचं का, मॅडम?” मी विचारलं, “तुम्हाला स्वतःला शंका आहे?” त्याने मान हलवली, नाही. “मग कुणासाठी करायचं?” यावर तो काही बोलला नाही. आई मात्र बोलली. “नको बाई, कशाला तो तमाशा.” तिच्या तोंडून आलं हे बरं झालं.

नंतर ती पाणी प्यायला बाहेर गेली, तसा तो जरा मोकळा झाला. इतके महिने पोटात ठेवलेले प्रश्न भराभर बाहेर आले. कमजोरी येते का? कारखान्यातले लोक म्हणतात, माणूस ढिला पडतो. मी सांगितलं, पुरुषी हार्मोन अंडकोशातून थेट रक्तात जातं, त्याचा त्या नळीशी संबंध नाही. इच्छा, ताठरता, दाढी-मिशा सगळं तसंच राहतं. वीर्यसुद्धा जवळजवळ तेवढंच येतं, कारण त्यात शुक्रजंतूंचा वाटा शंभरात दोन ते पाच, बाकी पाणी प्रोस्टेट आणि शुक्राशयाचं. म्हणूनच डोळ्यांना फरक दिसत नाही आणि म्हणूनच ‘सगळं पूर्वीसारखंच आहे’ किंवा ‘पातळ झालंय’ या कुणाच्याही अंदाजावर जायचं नसतं. काचेखाली बघावंच लागतं.

दुखणं? पहिले दोन दिवस आराम, घट्ट लंगोट, आठवडाभर जड उचलायचं नाही. थोडी सूज, थोडं काळंनिळं चालतं. सूज वाढत गेली, ताप आला, पू आला तर मात्र डॉक्टरकडे. शंभरात एक-दोघांचं दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळतं, हे लोक सांगायचं टाळतात. मी टाळत नाही. घाबरून कुणी ऑपरेशन टाळलं तरी चालेल, पण नंतर फसवलं म्हणू नये. नस परत जोडता येते का, हेही त्याने विचारलं. जोडता येते, पण ते ऑपरेशन मोठं, खर्चिक आणि मूल होईलच याची खात्री नाही. वर्षं जातील तशी शक्यता कमी होते. म्हणून नसबंदी कायमचीच धरून चालायची. आणि शून्याचा रिपोर्ट आल्यानंतरसुद्धा दोन हजारांत एखाद्याची नस आपोआप जुळते, तेही ऐकून ठेवा म्हटलं. ते ऐकून तो पहिल्यांदा हसला. “म्हणजे मी त्यातला नाही.” नाही, तो त्यातला नव्हता. तो तीन महिन्यांतला होता.

गर्भाचं पुढे काय, हा प्रश्न राहिलाच होता. गर्भनिरोधनाचा उपाय फसला हे आपल्या कायद्यात गर्भपाताचं मान्य कारण आहे आणि वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर तो करता येतो. ठेवायचं असेल तर दोन सिझेरियन झालेल्या बाईला आत्तापासूनच चांगल्या दवाखान्यात नाव घालायला हवं. दोन्ही सांगितलं आणि हेही सांगितलं की ठरवायचं तिने आहे, तेव्हा आधी देवासला जा. त्यांनी काय ठरवलं ते मला माहीत आहे, पण ते इथे लिहायचं कारण नाही.

रिपोर्ट मी तसाच दिला, शून्याचा. आमचे रिपोर्ट इंग्रजीत असतात. खाली मी मराठीत हाताने लिहिलं की हा निष्कर्ष फक्त आज दिलेल्या नमुन्यापुरता आहे, ऑपरेशननंतर पहिल्या तीन महिन्यांत शुक्रजंतू असू शकतात आणि गर्भधारणेचा अंदाजे काळ त्या तीन महिन्यांत येतो. तिन्ही तारखाही घातल्या. टेक्निशियन म्हणाला, मॅडम, असं कुणी लिहीत नाही. न लिहू देत. त्यानंतर आमच्या फॉर्ममध्ये ऑपरेशनच्या तारखेचा वेगळा रकाना घातला. निम्मे लोक तो रिकामा सोडतात, मग काउंटरवरची मुलगी फोन करून विचारते. नोव्हेंबर-डिसेंबरात ऑपरेशन झालेला कुणी जानेवारीतच आला तर त्याला सांगते, नमुना आत्ता देऊन काय करता, मार्चमध्ये या, तोवर निरोध वापरा. सुरुवातीला ती लाजायची. आता बिनदिक्कत सांगते.

चार-पाच दिवसांनी देवासहून फोन आला. आवाज शांत होता. म्हणाली, “मी त्यांची बायको बोलतेय. त्या रिपोर्टची एक कॉपी मला मिळेल का?”

रिपोर्ट तुमच्या नवऱ्याच्या नावावर आहे, त्यांनी सांगितलं तरच देता येईल, असं मी म्हटलं. फोन लगेच दुसऱ्या हातात गेला. “द्या मॅडम, मी इथेच आहे.” पुन्हा तिचा आवाज.

“खाली तुम्ही मराठीत लिहिलंय, ते कॉपीत येईल ना? आमच्या बाबांना इंग्रजी येत नाही.”

येईल म्हटलं.

“तारखांसकट?”

“तारखांसकट.”