लसीकरणाचा सत्कार नेमका कुणाचा करायचा?

लसीकरणासाठी शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं की टक्केवारीचा तक्ता काढला जातो आणि सगळ्यात वरच्या आरोग्य उपकेंद्राचं नाव लिहिलं जातं. चूक तिथंच होते.

समजा, ५००० लोकसंख्येचं उपकेंद्र आहे. जन्मदर हजारी १६ धरला तर वर्षाला ८० बाळं. तिथं पेंटाव्हॅलंटचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा, पहिला डोस ८४ बाळांना मिळाला, म्हणजे १०५ टक्के. तिसरा मात्र ६६ बाळांनाच. शेजारच्या उपकेंद्रात पहिला ७०, तिसरा ६७. आता गळती, म्हणजे पहिला डोस घेऊन तिसऱ्यापर्यंत न पोचलेल्या बाळांचं प्रमाण, काढा: पहिल्या डोसातून तिसरा वजा करायचा, उरलेल्याला पहिल्यानं भागायचं, शंभरनं गुणायचं. पहिल्या ठिकाणी २१ टक्के, दुसऱ्या ठिकाणी ४. दहाच्या वर गेली की घरोघरी जाऊन बघायलाच हवं.

पण लगेच पहिल्या उपकेंद्राच्या सिस्टरला, म्हणजे लस टोचणाऱ्या परिचारिकेला, दोष देऊ नका. बाळंतपणाला माहेरी आलेली लेक बाळाला दीड महिन्याचा डोस इथं देते आणि मग सासरी जाते. इथं गळती दिसते, तिथं बाळाची नोंदच नसते. सासरच्या गावच्या आशाताईला फोन करून, पुढच्या डोसाची तारीख सांगून, तो झाल्याची खात्री जिनं केली, तिचं काम कुठल्याच तक्त्यात येत नाही. सत्कार तिचा व्हायला हवा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचंही तसंच. टोळी दिवाळीच्या आगेमागे निघते. त्याआधी घरोघरी जाऊन कार्डं तपासणं आणि देय असलेले डोस देऊन टाकणं, हे मोठं काम आहे.

दुसरी कसोटी गोवर-रुबेलाच्या कुपीची. ही लस पावडर असते. द्रावण मिसळलं की चार तासांत वापरायची, उरलेली टाकायची. कुपी पाच किंवा दहा डोसांची, आणि सत्रात नऊ महिने पूर्ण झालेलं बाळ एकच. ‘वाया का घालवली?’ हा प्रश्न बैठकीत येईल या धास्तीनं आईला ‘पुढच्या महिन्यात या’ सांगितलं जातं. ती शेतावरची मजुरी बुडवून आलेली असते. पुन्हा येईलच असं नाही. नियम स्पष्ट आहे: एका बाळासाठीही कुपी फोडायची. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडी भागात गोवरानं बालकांचे जीव घेतले, त्यानंतर तर याबद्दल शंकाच नको. एका बाळासाठी कुपी फोडणाऱ्या सिस्टरचं बैठकीत सगळ्यांसमोर कौतुक करा. पेंटाव्हॅलंट, पोलिओ, न्यूमोकोकलच्या उघडलेल्या कुप्या थंड साखळीत, म्हणजे सतत ठरलेल्या थंड तापमानात, नीट ठेवल्या आणि फोडल्याची तारीख-वेळ लिहिली, तर २८ दिवस चालतात. खरी बचत तिथं करता येते.

पडताळणी कागदावर होत नाही. देय यादीतली, म्हणजे डोस द्यायच्या बाळांच्या यादीतली, कोणतीही दहा नावं निवडा आणि घरी जा. कार्ड बघा. मग आईला विचारा: कोणती लस दिली, त्रास काय होऊ शकतो, पुढची तारीख कोणती, कार्ड कुठं ठेवलंय? चारही उत्तरं आली तर सिस्टर सत्रात बोलते, नुसती टोचून मोकळी होत नाही. रात्री ताप येईल हे ज्या आईला आधी सांगितलेलं असतं, ती घाबरत नाही आणि दुसऱ्या डोसाला येते. ज्या घरात सांगितलेलं नसतं, तिथं सासूबाईच पुढचा डोस थांबवतात.

आणि सत्काराच्या आधी आशाताईंचे पैसे द्या. पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण केल्याचे बाळामागे १०० रुपये, दुसऱ्या वर्षाचे ७५. ते थकलेले असताना स्टेजवर बोलावून फुलं देणं हा अपमान आहे.

नावं पुकारताना पाड्या-वस्तीचं नावही घ्या, म्हणजे काम कुठं झालं ते बाकीच्यांना कळेल. लसीचा डबा सकाळी केंद्रातून उचलून सत्राच्या जागी पोचवणारा आणि संध्याकाळी उरलेल्या कुप्यांसह परत आणणारा माणूसही त्याच रांगेत उभा हवा.