ग्लासगोच्या शाळेतली घरासारखी खोली

इथे स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोतल्या बऱ्याच प्राथमिक शाळांमध्ये एक खोली घरासारखी मांडलेली असते. सोफा, गालिचा, छोटासा ओटा, जेवणाचं टेबल. तिला ‘नर्चर रूम’ म्हणतात. सकाळी सात-आठ मुलं आणि दोन मोठी माणसं टेबलाभोवती बसून टोस्ट खातात. जाम आधी कुणी घ्यायचा, शेजाऱ्याला लोणी द्यायचं, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, हाच तिथला अभ्यास. येणाऱ्या मुलांत वर्गात आरडाओरडा करणारी असतात, तशी महिनोन्‌महिने तोंडही न उघडणारी असतात. नंतर ती आपापल्या वर्गात जातात, त्यामुळे वर्गाशी नाळ तुटत नाही.

मूळ कल्पना लंडनमधल्या हॅकनीची. 1969 च्या सुमाराला मार्जोरी बॉक्सॉल या शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ बाईंच्या लक्षात आलं की ‘त्रासदायक’ म्हणून हिणवलेल्या कितीतरी लहानग्यांना भरवशाचं मोठं माणूसच मिळालेलं नाही. मग आधी ते द्यावं, अक्षरं-आकडे त्याच्यामागून येतील. मला हे मनापासून पटतं.

याच स्कॉटलंडमध्ये एके काळी शिक्षक चामड्याच्या पट्ट्याने हातावर फटके मारत. फाइफमधल्या लॉकगेली गावचे पट्टे त्यासाठी प्रसिद्ध होते. 1976 मध्ये जेफ्री कोझन्स हा पंधरा वर्षांचा मुलगा घरी जाताना दफनभूमीतून जवळची, पण मनाई असलेली वाट धरायला गेला. त्याला फटक्यांची शिक्षा झाली. त्याने हात पुढे करायला नकार दिला, तर शाळेचं दारच बंद झालं. त्याची आई आणि कॅम्पबेल नावाची आणखी एक आई थेट युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या आणि 1982 मध्ये जिंकल्या. 1987 पासून सरकारी शाळांतला पट्टा कायद्याने बंद झाला. दोन आयांनी हे घडवलं, याचं मला फार अप्रूप आहे.

मारणं थांबलं, पण मग करायचं काय? माझ्या लेकाला मैदानात एका मुलाने ढकललं, तेव्हा बाईंनी दोघांना शेजारी बसवून शांतपणे विचारलं: काय झालं, तेव्हा तुला काय वाटत होतं, कुणाला लागलं, आता हे नीट कसं करायचं? ‘का केलंस?’ हा प्रश्न नव्हताच. त्यावर मूल एकतर गप्प होतं नाहीतर खोटं बोलतं. बोलता बोलता कळलं की त्या मुलाला कुणी चेंडूच देत नव्हतं. खेळायच्या पाळ्या दोघांनी मिळून लिहिल्या आणि भिंतीवर लावल्या. ढकलणाऱ्याने माफीही मागितली, पण सगळं बोलून झाल्यावर, स्वतःहून.

सगळं गोड आहे असं मात्र नाही. 2023 च्या सरकारी पाहणीत, मुलांचं वागणं आधीपेक्षा बिघडलंय असं इथल्या शिक्षकांनी सांगितलं. मदतनीस पुरेसे नाहीत, ही संघटनांची तक्रार जुनीच आहे. एकेका मुलाशी असं बोलायला वेळ लागतो आणि माणसं लागतात. पहिलीच्या वर्गात पंचविसापेक्षा जास्त मुलं घ्यायची नाहीत, हा इथला नियम म्हणूनच मोलाचा वाटतो.

आपल्याकडेही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने 2010 पासून शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. माझी मावशी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिला मी फोनवर हे सगळं सांगितलं. मुलं ओळखायला तिला कुणी शिकवायला नको: कुणाचे आईवडील ऊसतोडीला गेलेत, कोण आजीजवळ राहिलंय, कोण उपाशी आलंय, हे तिला हजेरी घेतानाच कळतं. तिने मला एवढंच विचारलं, “त्या खोलीत दोन माणसं असतात ना गं? मी इथे एकटी दोन वर्ग सांभाळते. मला ते दुसरं माणूस कोण देणार?”